शेवटच्या पाळीचा नंबर

एकाच आठवड्याच्या दोन याद्या मी माझ्याच सहीनं दोन पाटकऱ्यांना दिल्या, ही माझी चूक. तशी लहानच. एका यादीत मंगळवारचं पाणी सातव्या मोरीला होतं, दुसरीत नवव्या. मंगळवारी सकाळी कालव्यावर दोन गावांची माणसं जमली, हातात काठ्या आणि खिशात माझी यादी. काठ्या चालल्या नाहीत, कारण दोन्ही गावांत सोयरीक होती. शिव्या चालल्या. त्यातल्या बऱ्याचशा मला होत्या हे पाटकऱ्यानं मला नंतर सांगितलं, कोणत्या होत्या तेही सांगितलं.

पाटकरी म्हणजे कालव्याच्या मोऱ्या, म्हणजे पाणी सोडायची दारं, उघडणारा-बंद करणारा माणूस. तो सायकल मारत भंडाऱ्याला ऑफिसात आला, दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, "साहेब, ह्यातली खरी कोनती?"

मी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. दोन्हींवर सही माझीच. एक यादी मी शुक्रवारी काढली होती. शनिवारी प्रोग्राममध्ये एक दुरुस्ती केली आणि पुन्हा काढली. दोन्ही आपापल्या दिवशी बरोबर होत्या. म्हणून मी खरं तेच सांगितलं. म्हणालो, "दोन्ही."

"दोनी खऱ्या असन तं पानी बी दोन लागन ना जी," तो म्हणाला आणि पाणी प्यायला माठाकडे गेला.

खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर भाऊ बसले होते. ते हसले नाहीत, पण प्रिंटरचा कागद नीट करायच्या निमित्तानं त्यांनी तोंड तिकडे फिरवलं.

भाऊंबद्दल आधी सांगायला हवं. ते नाकाडोंगरीचे. आमच्या कालव्याच्या ऑफिसात नऊ वर्षं रोजंदारीवर होते. आधी कालव्यावर, मग टपाल पोचवायला, आणि कॉम्प्युटर आल्यावर त्या खोलीत, कारण त्या खोलीत कायम नोकरीचं कोणी बसायला तयार नव्हतं. लोक म्हणत, त्या पेटीसमोर बसलं की डोळे जातात. भाऊ म्हणाले, डोळे गेले तर जावोत, सावली तर आहे. त्यांना कायम करण्याचा कागद त्या वर्षी कुठे नागपूरपर्यंत पोचला होता. भाऊंना पावसाळा, उन्हाळा, दिवाळी काही विचारा, उत्तर त्या कागदापाशी येऊन थांबायचं. "कागद आला का घरावर कवेलू टाकतो." "कागद आला का पोरीचं जमवतो." नऊ वर्षं रोजच्या रोज हजेरी लावणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार?

आणि मी? मी सत्तरच्या दशकात नकाशे काढायला अनुरेखक म्हणून लागलो, कायम. माझं अक्षर इतकं वाईट होतं की नकाशावरची गावांची नावं दुसऱ्याकडून लिहून घ्यावी लागत. पुढे कॉम्प्युटर यायचा ठरला तेव्हा ऑफिसच्या मुख्य साहेबांनी मला तीन आठवडे नागपूरला शिकायला पाठवलं. हुशार म्हणून पाठवलं असं मी सासरी सांगत असे. ऑफिसात सगळ्यांना खरं कारण माहीत होतं. निदान नकाशे तरी वाचले.

कॉम्प्युटरचं काम एकच. आमचा तलाव, त्याचा कालवा आणि कालव्याला चौदा मोऱ्या. धानाला पाणी द्यायचं ते पाळीनं. कोणत्या मोरीचं पाणी कधी सुरू, किती तास, कधी बंद, याची यादी. पूर्वी ती हातानं लिहायचे आणि दोन दिवस लागायचे. आता माझा प्रोग्राम ती दहा मिनिटांत काढायचा आणि दोन दिवस मी प्रोग्राम दुरुस्त करायचो.

यात एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळं त्यावरच बिघडलं. मोऱ्यांचे नंबर सरकारी होते. तलावाजवळची पहिली, शेवटच्या गावाची चौदावी. पण पाणी द्यायची रीत उलटी होती, आणि ती आमच्या ऑफिसापेक्षा जुनी होती. शेवटच्या गावाला पहिलं पाणी. जुने लोक सांगत की वरच्यानं आधी घेतलं तर खालच्यापर्यंत काही उरत नाही, आणि खालच्याचं झालं की वरच्याला काही कुठे जावं लागत नाही, पाणी त्याच्या दारावरूनच जातं. म्हणून पाळी क्रमांक एक म्हणजे मोरी क्रमांक चौदा. ही रीत मी प्रोग्राममध्ये बसवली तेव्हा गावच्या म्हाताऱ्यांनी ऑफिसात येऊन माझं कौतुक केलं होतं. "मशीनले बी समजते म्हना." मी फुगलो होतो.

तर त्या दोन याद्यांच्या भानगडीनंतर साहेबांनी विचारलं, पुढे असं होऊ नये म्हणून काय करणार? मी चार दिवस विचार केला आणि एक व्यवस्था काढली. तिचा मला आजही अभिमान वाटतो आणि अभिमान वाटतो याची लाजही वाटते.

व्यवस्था अशी. प्रोग्राममध्ये कोणीही बदल करायचा असेल तर तो थेट करायचा नाही. माझ्या 'नोंद' नावाच्या छोट्या प्रोग्राममधूनच आत टाकायचा. ही नोंद जुनी प्रत वेगळ्या फ्लॉपीवर ठेवायची, आणि एका फाइलीत एक ओळ लिहायची: आजची तारीख, आजचा हा कितवा बदल, टाकणाऱ्याच्या नावाची दोन अक्षरं आणि कशासाठी. यादी छापताना प्रिंटरचा प्रोग्राम त्या फाइलीतली शेवटची ओळ वाचायचा आणि तारखेपासून नंबर तयार करून यादीच्या डोक्यावर छापायचा. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग त्या दिवसातला कितवा. असं उलटं का? तर नुसते आकडे पाहून कळावं, कोणती यादी नवी. ज्याचा नंबर मोठा ती खरी. पाटकऱ्याला तारीख वाचायची नाही, वार आठवायचा नाही, मला विचारायला सायकल मारायची नाही.

भाऊ सगळं ऐकून घेत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण कळफलकावरची अक्षरं त्यांनी दोन महिन्यांत पाठ केली होती आणि टाइप माझ्यापेक्षा सुबक करत. रोज सकाळी मशीन सुरू झालं की ते तारीख विचारायचं, आणि ती भाऊच घालायचे, आंघोळ करून आलेल्या माणसासारखी हळू, एकेक आकडा बघून. नोंदीची व्यवस्था मी त्यांना समजावली तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"जवाईबापू, ही तारीख बदल केल्याची का पेटीत टाकल्याची?"

मला जवाईबापू ते का म्हणत? माझी बायको त्यांना भाऊबीजेला ओवाळायची म्हणून. तिला सख्खा भाऊ नव्हता. भाऊंचं घर लांब, इथे ते एकटेच खोली घेऊन राहात, दुपारचा डबा कोरडा, म्हणून आधी मी त्यांना एकदा जेवायला आणलं. मग तीच बोलवायला लागली. मग एका दिवाळीत तिनं पाट मांडला. त्या दिवसापासून वयानं मोठा असलेला तो माणूस मला जवाईबापू म्हणायला लागला, ऑफिसात सगळ्यांदेखत, अर्धं मानानं आणि अर्धं मला डिवचायला.

"पेटीत टाकल्याची," मी म्हणालो. "केव्हा केला ते मशीनला कसं कळणार?"

"अन् बदल केला एकानं, टाकला दुसऱ्यानं, तं?"

"असं कशाला होईल, भाऊ? ज्याचा बदल तोच टाकेल."

"होय का," भाऊ म्हणाले. "नाही, मंग बराबर हाये."

पाटकऱ्यांना नंबर आवडला. महिन्याभरात ते यादी वाचायच्या आधी डोकं वाचायला लागले. दोन पाटकरी कालव्यावर भेटले की "तुयाजवळ कितीची हाये?" असं विचारायचे. पूर्वी याच लोकांनी माझ्या कितीतरी चुका मोरीवरच दुरुस्त केल्या होत्या. "साहेब, तुमी आठवीले दोनदा लिवलं, म्या एकदाच सोडलं," असं सांगायचे. नंबर आल्यावर ते बंद झालं. मला वाटलं, माझ्या चुका बंद झाल्या.

त्या वर्षी पाऊस कमी. दिवाळीपर्यंत तलावात शेवटच्या एका पाळीपुरतं पाणी उरलं होतं. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, उशिरा येणारा भारी धान उभा होता, दाणा भरत होता. वरच्या तीन मोऱ्यांखाली सगळा हलका धान, म्हणजे त्यांना आता पाणी नको. साहेबांनी सांगितलं, वरच्या तिघांना या पाळीतून वगळा, म्हणजे बाकीच्यांना पुरेल. शुक्रवारी ऑफिस बंद, शनिवारी भाऊबीज, आणि सोमवारपासून तीन दिवस माझ्या सासरी, दिघोरीला, मंडई.

आमच्याकडे दिवाळी संपली की गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, रात्री दंडारीचं नाटक, सगळे पाहुणे. जावयानं मंडईला न जाणं म्हणजे काय हे ज्याला झाडीपट्टीतलं सासर आहे त्यालाच कळेल. मी रविवारीच निघणार होतो. आणि साहेबांना तर सोमवारी सकाळी यादी कालव्यावर हवी.

मग काय केलं? भाऊबीजेच्या दुपारी घरी, शहापूरला, करंजी खाता खाता एका चिठ्ठीवर बदल लिहून दिला. प्रोग्रामची अमुक ओळ काढा, तिच्या जागी ही घाला: १, २, ३ वगळा. ओळ मी प्रोग्राम न बघताच लिहिली. मला वाटत होतं तेव्हा माझा प्रोग्राम मला पाठ आहे.

भाऊंच्या कपाळावर ओवाळल्याचं कुंकू होतं. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. माझं अक्षर, दोनदा वाचावंच लागे.

"एक, दोन, तीनच ना जी?"

"हो हो, एक-दोन-तीन. वरच्या तीन मोऱ्या."

"तुमी आल्यावर टाकली तं नाही चालनार?"

"भाऊ, मंडई मला मशीनवरून दिसणार आहे का? तुम्हीच टाका. त्यात काय आहे?"

बायको आतून म्हणाली, "टाका ना भाऊ, नाही तं हे मंडईतून बी मोरीच पाहात राहातीन."

भाऊ हसले, चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. तिला आणलेला ब्लाउजपीस ताटात ठेवला आणि निघाले.

मोरी एक-दोन-तीन हे मी म्हणत होतो. पण त्या ओळीत मोऱ्यांचे नंबर नव्हतेच. तिथे पाळीचे होते. पाळी एक-दोन-तीन म्हणजे मोरी चौदा, तेरा, बारा. ज्या रीतीसाठी म्हाताऱ्यांनी माझं कौतुक केलं होतं तीच मी विसरलो, तोंडात करंजी असताना.

सोमवारी सकाळी भाऊंनी तारीख घातली, चिठ्ठी समोर ठेवून ओळ टाइप केली, नोंदीतून आत टाकली आणि यादी काढली. डोक्यावर नंबर आला: ८७.१०.२६.१. त्याहून मोठा नंबर कालव्यावर कुठेच नव्हता.

शेवटच्या मोऱ्यांवरचा पाटकरी यादी पाहून थोडा घोटाळला, असं त्यानं नंतर सांगितलं. यादी अकरावीपासून सुरू होत होती. पण नंबर नवा होता. त्याला वाटलं, बाकीचं दुसऱ्या पानावर असन, पान मागून येईल. शेवटच्या गावातल्या लोकांना त्यानं तेच सांगितलं. तेही थांबले. त्यांच्याकडेही मंडई होती.

बुधवारी मात्र त्या गावची दोन-तीन माणसं भंडाऱ्याला आली. भाऊंनी यादी पाहिली, त्यांना काहीतरी चुकतंय असं वाटलं. पण मला विचारल्याशिवाय प्रोग्रामला हात लावायचा नाही ही माझी ताकीद होती आणि साहेब नागपूरला गेले होते. भाऊंनी दिघोरीच्या बसच्या कंडक्टरजवळ निरोप दिला. मी मंडईत साल्याच्या, म्हणजे बायकोच्या चुलतभावाच्या दुकानासमोर खुर्चीवर बसून चहा पीत होतो आणि चारचौघांना कॉम्प्युटर म्हणजे काय ते सांगत होतो. कंडक्टर येऊन म्हणाला, "तुमच्या ऑफिसातल्या मानसानं विचारलं, शेवटच्या गाववाले येऊन राहिले, का करू?"

मी, चारचौघांसमोर, म्हणालो, "यादीप्रमाणे चालू दे म्हणावं."

बाजूचे लोक जरा सरळ होऊन बसले. असा माणूस आपल्या गावचा जावई आहे.

मी शनिवारी परतलो तोवर तलाव मोरीच्या उंबऱ्याखाली गेला होता, म्हणजे कालव्यात आता थेंबही येणार नव्हता. वरच्या तीन गावांत कापून बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, पसरलेल्या कडपांवर पाणी साचलं होतं, आणि खालच्या तीन गावांत उभ्या धानाला भेगा पडलेल्या जमिनीतून काही मिळत नव्हतं. मी खोलीत जाऊन प्रोग्राम उघडला, ती ओळ पाहिली. पाच मिनिटं लागली नाहीत. भाऊ स्टुलावर बसले होते. मी मशीन बंद केलं आणि चष्मा पुसत बसलो.

पुढच्या आठवड्यात शेवटच्या गावचे लोक साहेबांच्या खोलीत आले. दंगा नाही, आरडाओरड नाही. एका म्हाताऱ्यानं धानाची लोंबी साहेबांच्या टेबलावर ठेवली, मग तीच उचलून तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. तळहातावर काही राहिलं नाही. "पोचा," तो म्हणाला. "अख्खी बांधी अशीच हाये." साहेब बाहेरगावचे होते, पण एवढं त्यांनाही कळलं.

मला आणि भाऊंना आत बोलावलं. साहेबांच्या हातात यादी होती.

"ही कोणी काढली?"

आता हसायचं तर इथे हसा. मी, सवयीनं, व्यवस्थेच्या अभिमानानं, म्हणालो, "नंबरावरून कळेल, साहेब." आणि साहेबांनी मला नोंदीची फाइल छापून आणायला पाठवलं. मी ती छापून आणली. माझ्या हातानं फाडून, कडेच्या भोकांच्या पट्ट्या नीट काढून, टेबलावर ठेवली. शेवटची ओळ: तारीख, पहिला बदल, भाऊंची दोन अक्षरं, "शेवटची पाळी".

साहेबांनी भाऊंकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही."

"टाकली मी, साहेब," भाऊ म्हणाले. एवढंच.

मग भाऊ माझ्याकडे पाहात राहिले. रागानं नाही. ज्याला काही बोलायचं आहे पण सुरुवात सापडत नाही, अशा माणसाकडे जसं पाहतात तसं. चिठ्ठी त्यांच्या खिशात होती. माझ्या अक्षरातली, साऱ्या ऑफिसात कोणीही ओळखली असती. त्यांचा हात खिशाकडे गेला नाही.

साहेब मला म्हणाले, "तुमच्या व्यवस्थेत गडबड तर नाही ना? हा नंबर बरोबर आहे?"

मी म्हणालो, "नंबर बरोबर आहे, साहेब."

आणि तो होताच बरोबर. एक आकडा इकडचा तिकडे नव्हता. त्या दिवशी, त्या माणसानं, तो पहिला बदल टाकला होता. मी खोटं बोललो असं कोणी सिद्ध करू शकणार नाही. मी स्वतःही बरीच वर्षं करू शकलो नाही. बायकापोरं, नोकरीला लागणारा डाग, नागपूरचं शिक्षण, सासरची खुर्ची, हे सगळं त्या एका क्षणात आठवलं असं सांगितलं तर ते जरा मोठं वाटेल. खरं म्हणजे काहीच आठवलं नाही. जीभ तिथेच थांबली.

रोजंदारीच्या माणसाला काढायला चौकशी लागत नाही. उद्यापासून येऊ नका, एवढं पुरतं. नागपूरचा कागद तसाच परत आला आणि कपाटात गेला. खालच्या गावांना काय सांगितलं? माणूस काढला म्हणून सांगितलं. साहेबांनी पुढच्या बैठकीत माझ्या व्यवस्थेचं नाव घेतलं. नंबर नसता तर दोषी सापडलाच नसता, असं ते म्हणाले. टाळ्या नव्हत्या, पण माना हलल्या. माझीही हलली.

जायच्या आदल्या दिवशी भाऊ शहापूरला घरी आले. चहा घेतला. बायकोला म्हणाले की गावी शेताचं पाहावं लागते, म्हणून जाऊन राहिलो. ती म्हणाली, "अन् कागद?" ते म्हणाले, "कागदाचं का, येते-जाते." मला म्हणाले, स्टॅबिलायझर जरा गरम होतो, नव्या माणसाला सांगून ठेवा. उठताना खिशातून चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली. घडी तीच होती.

"ही तुमची चिठ्ठी राहून गेली होती माझ्याजवळ, जवाईबापू."

बाहेर अंगणात त्यांनी चपला घातल्या, सायकल काढली. जवाईबापू या शब्दात त्या दिवशी डिवचणं नव्हतं, नुसताच मान होता, आणि तो मला अजून उतरवून ठेवता आलेला नाही.

बायकोनं चिठ्ठी मागितली नाही. मीच सांगितलं, कारण ती माझ्याकडे बघत होती. सगळं सांगितलं. मोरी आणि पाळीची गोष्ट, कंडक्टरची, साहेबांच्या खोलीतली. आणि सांगताना मी तिला व्यवस्थाच समजावू लागलो. की बघ, मशीनला टाकणारा कळतो, करणारा नाही कळत. तारीख टाकल्याची असते. तिच्यासमोर सुपात तांदूळ होते. ती खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "मंग आता जा अन् सांगा."

"साहेबांना?"

"साहेबाले बी. आधी भाऊले. त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोसमोर सांगा, का चूक तुमची होती. तिले तं वाटत असन ना, आपल्या मानसानंच धान मारला."

साहेबांकडे मी गेलो नाही. गेलो असतो तर तेव्हाच, नंतर काय, असं मी तिला समजावलं. चिठ्ठी मी बंबात टाकली. आंघोळीचं पाणी त्या दिवशी नेहमीइतकंच तापलं.

नाकाडोंगरीला मात्र जायला निघालो. एका रविवारी तिनं चिवडा आणि बेसनाच्या वड्या बांधून पिशवी दाराशी ठेवली. भंडाऱ्याला येऊन बसमध्ये बसलो. थेट नाकाडोंगरीचं तिकीट काढलं. खिडकीतून धानाच्या बांध्या दिसत होत्या, बहुतेक कापलेल्या, कुठे कुठे पुंजणे रचलेले. मी मनात वाक्यं जुळवत होतो. "भाऊ, तुमच्यावर अन्याय झाला," हे बरं वाटलं, पण मग वाटलं, झाला कसा, केला म्हणायला हवं. "माझ्याकडून चूक झाली," यातही काही बसेना. त्यांची बायको दारात उभी राहील, त्यांची पोर पाणी आणून देईल, पाणी हातात घेऊन मी हे कसं सांगणार? वाटेतली गावं आली, गेली. तुमसरला बस दहा मिनिटं थांबली. चहा प्यायला म्हणून उतरलो.

कंडक्टरनं घंटी मारली. मी चहा पीत होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं. बस गेली.

दोन तास तुमसरच्या स्टँडवर बसलो. चिवडा खाल्ला, वड्या एका म्हातारीला दिल्या. मग परतीची बस धरली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. बायको तुळशीपाशी होती. पिशवी रिकामी पाहून तिचा चेहरा जरा उजळला. तो उजळलेला चेहरा पाहून मला सुचू नये ते सुचलं. म्हणालो, जाऊन आलो. भाऊ शेतावर होते, भेट नाही झाली. पोरीजवळ पिशवी दिली.

"पोरीजवळ?"

"हो. मोठी झाली आता."

ती माझ्या पायांकडे पाहत होती. नाकाडोंगरीकडे खाणींच्या ट्रकांनी रस्त्यावर काळी भुकटी उडते. तिकडून आलेल्या माणसाच्या चपला, पायजमा, सगळं काळं होतं. भाऊ गावाहून आमच्याकडे यायचे तेव्हा ती आधी त्यांना पाय धुवायला पाणी द्यायची. माझे पाय स्वच्छ होते. मी खिशात हात घातला, जातानाचं तिकीट काढलं आणि तिच्यासमोर धरलं. म्हणालो, "विश्वास नाही का? हे बघ. भंडारा ते नाकाडोंगरी. भाडं बघ, छिद्र बघ."

तिनं तिकीट हातात घेतलं, दिव्याजवळ नेऊन नीट पाहिलं. उलटून पाहिलं. मग घडी न करता माझ्या हातात परत दिलं.

"तिकीट बराबर हाये," ती म्हणाली. "नंबर बी बराबरच होता ना जी."